तीन शेड्युलर आणि एकच नेटवर्क: मशीन एकमेकांना वापरायला कशी द्यायची

सर, तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूरजवळचं इंजिनिअरिंग कॉलेज, एकाच कॅम्पसमध्ये तीन डिपार्टमेंटच्या तीन वेगळ्या सिस्टिम, प्रत्येकीवर आपापला शेड्युलर, म्हणजे कुठला जॉब (चालवायला टाकलेलं काम) कुठल्या मशीनवर कधी चालेल ते ठरवणारं सॉफ्टवेअर. मेकॅनिकलकडं ८ नोडचा (नोड म्हणजे क्लस्टरमधलं एक मशीन) स्लर्म शेड्युलरवरचा क्लस्टर, त्यावर ओपनफोम (प्रवाहाची गणितं करणारं सॉफ्टवेअर) आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांसाठी केलेली कास्टिंगची सिम्युलेशन चालतात. फिजिक्सकडं जरा जुना क्लस्टर, ओपनपीबीएस (पुढं नुसतं पीबीएस) या शेड्युलरवर, त्यावर क्वांटम एस्प्रेसो हे पदार्थांच्या अणू-इलेक्ट्रॉन पातळीवरच्या गणिताचं सॉफ्टवेअर. आणि कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या लॅबमधले ६० पीसी रात्री पडून असतात म्हणून त्यावर एचटीकॉन्डॉर (तिसरा शेड्युलर, पुढं नुसतं कॉन्डॉर) टाकून ठेवलंय. एकाची रांग लागलेली असते तेव्हा दुसऱ्याचे नोड मोकळे असतात, तर या तिन्हीच्या वर एक मोठा शेड्युलर बसवून सगळं एकत्र करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

एकत्र वापरता येतं, नक्की येतं. पण वर चौथा शेड्युलर बसवायच्या भानगडीत पडू नका. कुठलाही नोड कुठल्याही क्षणी एकाच शेड्युलरच्या ताब्यात असला पाहिजे आणि मूळ मालकाला तो किती वेळात परत मिळणार हे आधी ठरलेलं पाहिजे, या दोन गोष्टी पक्क्या केल्या की बाकीचं सगळं कॉन्फिगरेशन आहे, थोड्या कष्टाचं पण जमणारं. या दोन गोष्टी न ठरवता जे काही जोडाल ते महिन्याभरात भांडणापर्यंत जातंय.

पण त्याच्याही आधी रांग खरी आहे का ते बघा. स्लर्मच्या अकाउंटिंगमधून आणि पीबीएसच्या अकाउंटिंग लॉगमधून मागच्या तीन महिन्यांचे जॉब काढा आणि मागितलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी शेजारी ठेवून बघा. बहुतेक ठिकाणी असं दिसतं की मुलांनी सीनियरची स्क्रिप्ट कॉपी केलेली असते, त्यात ७ दिवसांचा वॉलटाइम (जॉबसाठी मागितलेला कमाल वेळ) टाकलेला, आणि जॉब संध्याकाळी लावला की सकाळी संपतो. शेड्युलरला ते कळायचा काही मार्ग नाही. बॅकफिल म्हणजे मोठ्या जॉबसाठी नोड गोळा होईपर्यंत मधल्या फटीत लहान जॉब बसवणं, आणि ते पूर्णपणे मागितलेल्या वेळेवर चालतं. पीबीएसमध्ये तर वॉलटाइम दिलाच नाही तर शेड्युलर तो जॉब ५ वर्षांचा धरून चालतो, मग कसलं बॅकफिल होणार. स्लर्ममध्ये वेळ दिली नाही तर पार्टिशनचा (नोडच्या एका गटाची रांग) डिफॉल्ट लागतो, आणि डिफॉल्ट ठेवलेला नसेल तर थेट कमाल मर्यादा. तेव्हा डिफॉल्ट वेळ मुद्दाम लहान ठेवा, एखाद तासाची, म्हणजे प्रत्येकाला विचार करून वेळ लिहावीच लागते. एवढ्या एका बदलानं रांग बरीच कमी होते आणि मग खरोखर किती नोड उसने लागतात ते दिसतं.

आता दुसरा सोपा मार्ग, जो सगळ्यांना माहीत असतो पण कुणी बोलत नाही. स्लर्म आणि पीबीएस हे दोन वेगळे ठेवायची तांत्रिक गरज आज तुम्हाला नाही. दोन्ही क्लस्टर एका स्लर्मखाली आणा, प्रत्येक डिपार्टमेंटचे नोड त्याच्या स्वतःच्या पार्टिशनमध्ये ठेवा, आणि तेच सगळे नोड धरून खालच्या पायरीचं एक सामाईक पार्टिशन करा. मालकाच्या पार्टिशनमध्ये जॉब आला की सामाईक पार्टिशनमधला जॉब आपोआप बाजूला काढून परत रांगेत टाकला जातो. स्लर्मसोबत पीबीएससारख्या कमांडचे रॅपर (आतून स्लर्मच्या कमांड चालवणाऱ्या स्क्रिप्ट) येतात, त्यामुळं फिजिक्सच्या मुलांच्या जुन्या स्क्रिप्ट बऱ्याच प्रमाणात तशाच चालतात. मला कुणी नवीन उभारणीला बोलावलं तर मी पहिल्यांदा हेच सुचवतो. सगळ्यात कमी त्रासाचं शेअरिंग म्हणजे शेड्युलर एकच ठेवणं.

तरीही लोक नको म्हणतात, आणि त्यांचं कारण खोटं नसतं. फिजिक्सचं मशीन एखाद्या संशोधन प्रकल्पाच्या पैशातून आलेलं असतं, त्याचा हिशोब प्रकल्प घेणाऱ्या मॅडमना द्यायचा असतो, ऑडिटला मशीन कुणी किती वापरलं हे त्यांनाच विचारणार. पीएचडीची मुलं अर्ध्यात आहेत, त्यांची सगळी स्क्रिप्ट-व्यवस्था पीबीएसवर बसलेली आहे. अशा वेळी त्यांच्या हातातून शेड्युलर काढून घेऊ नये. कोल्हापुरात मटेरियल सायन्स आणि थिन फिल्मवर इतकं काम होतंय, त्या लोकांनी वर्षानुवर्षं बसवलेली घडी आपल्या सोयीसाठी मोडणं मला पटत नाही. म्हणून इथून पुढचं सगळं, तीन शेड्युलर तीनच राहणार असं धरून सांगतो.

हे तीन इतके वेगळे का वागतात ते आधी बघू, म्हणजे कशाला कुठं वापरायचं ते आपोआप सुचतं. कॉन्डॉर १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनींच्या गटानं सुरू केलं, टेबलावरची वर्कस्टेशन रिकामी असताना वापरायची आणि माणूस परत आला की सोडून द्यायची यासाठीच. म्हणजे मशीन कधीही हातातून जाईल हे त्यानं पहिल्या दिवसापासून गृहीत धरलंय. पीबीएस ९० च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या एम्स केंद्रात जन्मलं, सुपरकॉम्प्युटरवर बॅच जॉब लावायला. स्लर्म लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून २००२ मध्ये बाहेर आलं, मोठ्या लिनक्स क्लस्टरसाठी. ही शेवटची दोन सगळा नोड माझाच आहे असं धरून चालतात. आणि तिथंच घोळ होतो.

समजा तुम्ही एकाच नोडवर स्लर्मचा आणि पीबीएसचा असे दोन्ही डेमन (मागं सतत चालणारे प्रोग्राम) चालू ठेवले. ३२ कोरचा नोड, स्लर्मला ३२ मोकळे दिसतात, पीबीएसलाही ३२ मोकळे दिसतात, दोघंही जॉब टाकतात आणि ३२ कोरवर ६४ प्रोसेस नाचायला लागतात. उपसा योजनेच्या एकाच मोटरीसाठी दोन माणसांनी दोन वह्यांत दोन पाळीपत्रकं लिहावीत आणि दोन्ही वावरांत एकाच रात्री दार धरायला माणसं उभी राहावीत, तसलाच प्रकार. यात नुसतं स्लो होऊन भागत नाही. चार नोडवर पसरलेला एमपीआय जॉब (एकमेकांशी बोलणाऱ्या अनेक प्रोसेसचा) असेल तर त्यातल्या सगळ्या रँक, म्हणजे प्रोसेस, एकमेकांसाठी थांबतात, त्यामुळं एका नोडवरच्या दोन-चार रँक रखडल्या की बाकीचे तीन नोडही हात बांधून बसतात. मेमरी संपली की लिनक्स स्वतःच्या हिशोबानं कुणाला तरी मारतो, तो दुसऱ्याच डिपार्टमेंटचा जॉब असू शकतो, आणि त्याच्या लॉगमध्ये कारण काही सापडत नाही. वॉलटाइम बरोबर दिलेला जॉब वेळ संपली म्हणून कापला जातो. तक्रार मात्र सॉफ्टवेअरवर येते.

नोड कायमचा वाटून द्यायचा असेल तर देता येतो, स्लर्मला काही कोर आणि काही मेमरी दाखवायचीच नाही, उरलेलं कॉन्डॉरला द्यायचं, आणि दोन्हीकडं सीग्रुपनं (लिनक्समधली कोर-मेमरीला मर्यादा घालायची सोय) बांध घालायचा म्हणजे कुणी हद्द ओलांडणार नाही. पण सीग्रुप कोर आणि मेमरीचं माप वाटतं, मेमरीची बँडविड्थ वाटत नाही आणि एल-३ कॅशेही सामाईकच राहते. ओपनफोमसारखं प्रवाहाचं गणित (सीएफडी) मुळात मेमरी बँडविड्थवर अडतं, त्यामुळं अर्धे कोर वेगळे ठेवले तरी शेजारच्याचा त्रास होतोच. मी हा प्रकार फक्त हलक्या, सिंगल कोरच्या कामांसाठी ठीक समजतो.

मग उरतात तीन रस्ते: जॉब दुसरीकडं पाठवायचा, नोड दुसऱ्याला द्यायचा, किंवा पायलट सोडायचा (तो काय ते पुढं सांगतो).

जॉब पाठवण्याची सोय प्रत्येक शेड्युलरमध्ये आहे, पण आपल्याच जातकुळीतल्या क्लस्टरपुरती. स्लर्ममध्ये फेडरेशन आहे, १७.११ आवृत्तीपासून, त्यात जॉब एकदाच टाकला की सगळ्या स्लर्म क्लस्टरवर रांगेत लागतो आणि जो आधी मोकळा होईल तो उचलतो, मात्र अकाउंटिंगचा डेटाबेस सामाईक लागतो. पीबीएसमध्ये पीअर शेड्युलिंग आहे, मोकळा सर्व्हर दुसऱ्या पीबीएसच्या रांगेतले जॉब ओढून घेतो. कॉन्डॉरमध्ये फ्लॉकिंग आहे, आपल्या पूलमध्ये (कॉन्डॉरखालच्या मशीनच्या गटात) जागा नसली की ठरवून दिलेल्या दुसऱ्या पूलकडं विचारणा जाते. आयबीएमच्या एलएसएफमध्ये मल्टिक्लस्टर आहे, त्यात जॉब पाठवणं आणि मशीन भाड्यानं दिल्यासारखं देणं असे दोन्ही प्रकार आहेत. पण स्लर्मचा जॉब पीबीएसला द्यायचा म्हटला की मधे भाषांतर करणारा थर लागतो. ग्रिडच्या जमान्यात ग्लोबस, ग्रिडवे आणि डीआरएमएए नावाची सामाईक एपीआय हे त्यासाठीच आलं, आपल्या सीडॅकनं (सरकारी संगणन संशोधन संस्था) गरुड ग्रिड उभारला तोही वेगवेगळ्या शहरांतल्या संस्थांची मशीन जोडायलाच. त्या कामातून खूप काही शिकायला मिळालं, पण रोजच्या वापरात भाषांतराचा थर दुखतोच. एकाचा होल्ड म्हणजे दुसऱ्याचा सस्पेंड नसतो, एरर मधल्या थरात अडकतो, आणि वरच्या शेड्युलरला खालच्या रांगेत खरोखर किती वेळ लागणार ते कळत नाही, तो अंदाजानं जॉब पाठवतो आणि तो जॉब तिथं जाऊन दोन दिवस बसतो तोपर्यंत दुसरीकडं जागा रिकामी झालेली असते.

नोड देणं हा प्रकार साधा आणि सरळ आहे. फिजिक्सची मुलं सुट्टीवर गेली, महिनाभर चार नोड नको आहेत, तर पीबीएसमध्ये ते ऑफलाइन करा, त्यावरचे जॉब संपू द्या, पीबीएसचा डेमन बंद करा, स्लर्मचा चालू करा आणि तिकडं नोड रिझ्युम करा. स्लर्मच्या बाजूला हे नोड आधीच कॉन्फिगमध्ये लिहून एरवी ड्रेन करून (म्हणजे नवे जॉब न घेणारे) ठेवायचे. हे हातानं करायला दहा मिनिटं लागतात. दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी, परीक्षेचा काळ अशा लांब मुदतीला यापेक्षा जास्त हुशारी करायची काही गरज नाही. तासातासाला बदलायचं असेल तेव्हा मात्र हे पुरत नाही.

आता पायलट. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सर्नच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरचा डेटा ज्या जागतिक ग्रिडवर प्रोसेस होतो त्यात ४० हून जास्त देशांतली १७० च्या आसपास केंद्रं आहेत, आपल्याकडची मुंबईची टीआयएफआर आणि कोलकात्याचं व्हीईसीसी ही त्यातलीच. प्रत्येक केंद्राचा शेड्युलर वेगळा, कुणाचं स्लर्म, कुणाचं कॉन्डॉर, कुणाचं पीबीएस, आणि कुणीही आपला शेड्युलर बदलणार नव्हतं. तुमच्या कॅम्पसवर जे आहे तेच, फक्त आकार प्रचंड. त्यांनी खालचे शेड्युलर एकमेकांशी बोलायला लावायचा नाद सोडला आणि पायलट वापरले. तिथल्या प्रयोगांपैकी ॲटलासचं पांडा, एलएचसीबीचं डिरॅक, सीएमएसचं ग्लाइडइनडब्ल्यूएमएस हे सगळे त्याच तत्त्वावर चालतात.

पायलट म्हणजे स्लर्मच्या दृष्टीनं एक साधा जॉब. एक नोड, ६ तास, बस. तो सुरू झाला की त्याच्या आत कुणाचं सिम्युलेशन नसतं, तर कॉन्डॉरचा कामगार डेमन सुरू होतो, तो मध्यवर्ती कॉन्डॉर पूलला सांगतो की मी आलोय, माझ्याकडं ३२ कोर आहेत, एवढी मेमरी आहे, काम द्या. मग पूलमधले जॉब त्यावर येतात, एक संपला की दुसरा येतो. ६ तास झाले की स्लर्म त्याला बंद करतो, नोड मोकळा. पीबीएसवरही हुबेहूब हेच, फक्त स्क्रिप्टच्या डोक्यावरच्या चार ओळी बदलतात. म्हणजे तिन्ही ठिकाणची मोकळी क्षमता एका कॉन्डॉर पूलमध्ये गोळा होते, आणि तुमच्याकडं लॅबच्या पीसींमुळं तो पूल आधीच उभा आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू.

यात मला सगळ्यात आवडतं ते हे की मालकाला काहीच सोडावं लागत नाही. मेकॅनिकलच्या ॲडमिनला पायलट हा एका युजरचा जॉब म्हणून दिसतो, तो त्याला मर्यादा लावू शकतो, एका वेळी तीनच नोड, फक्त खालच्या पायरीच्या पार्टिशनमध्ये, नको झालं तर एका कमांडनं सगळे मारून टाकू शकतो. रूट (मशीनवरचे पूर्ण अधिकार) लागत नाही. आणि काम शेवटच्या क्षणी नेमलं जातं, त्यामुळं कुठली रांग किती लांब याचा अंदाज करत बसावं लागत नाही. पायलट आधी नोड तपासतो, डिस्कवर जागा आहे का, सॉफ्टवेअर दिसतंय का, आणि नोड खराब असेल तर काम न घेताच बंद होतो. नुसता जॉब पाठवला असता तर खराब नोड एकामागून एक जॉब गिळत बसला असता, ज्यांनी ते बघितलंय त्यांना याची किंमत कळेल.

पायलट लावताना काही गोष्टींकडं लक्ष द्या. त्याचं आयुष्य फार लहान ठेवलं तर अर्धवट जॉब वाया जातात, फार मोठं ठेवलं तर मालक चिडतो, ४ ते ६ तास मला बरे वाटतात. जॉबला किती वेळ लागेल ते युजरनं सांगायचं आणि पायलटचं उरलेलं आयुष्य त्यापेक्षा कमी असेल तर जॉब घ्यायचा नाही, ही अट कॉन्डॉरमध्ये लिहिता येते. वीस मिनिटं काम मिळालं नाही तर पायलटनं स्वतःहून बंद व्हावं, नाहीतर रिकामे पायलट नोड अडवून बसतात. पूलमध्ये काम शिल्लक असेल तेवढेच पायलट सोडणारी एक छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठराविक वेळी आपोआप चालवणारी सोय) टाकली की या आकाराच्या कॅम्पसला पुरते, ग्लाइडइनडब्ल्यूएमएस वगैरे इथं आणायची गरज नाही. कॉम्प्युट नोड खासगी नेटवर्कमध्ये असतील तर कॉन्डॉरचा कनेक्शन ब्रोकर वापरा, म्हणजे नोडनं फक्त बाहेर जोडायचं, ९६१८ हा एकच पोर्ट मध्यवर्ती मशीनवर उघडा लागतो. ओळख पटवायला टोकन वापरा, आयपीवर विश्वास ठेवून परवानगी देऊ नका.

पायलटमधून काय चालवायचं, तर जे एका नोडमध्ये मावतं ते. फाउंड्रीच्या साच्यातलं गेटिंग आणि रायझर (वितळलेला धातू आत नेणारे आणि पुरवणारे मार्ग) बदलून बदलून केलेली पन्नास सिम्युलेशन, वेगवेगळ्या लॅटिससाठीची क्वांटम एस्प्रेसोची रन, पॅरामीटर स्वीप, हे सगळं उत्तम. चार नोडचं एमपीआय घरच्या क्लस्टरवरच राहू द्या. दोन इमारतींमधल्या एक गिगाबिटच्या इथरनेटवरून एमपीआय ओढायला गेलात तर कोर वाढतील आणि वेग घटेल. शिवाय असल्या जॉबला सगळे नोड एकदम लागतात. बर्कलेच्या मेसॉसनं खालून रिसोर्सच्या ऑफर द्यायच्या आणि वरच्या फ्रेमवर्कनं घ्यायच्या अशी दोन पायऱ्यांची रचना आणली, त्यातही हीच अडचण यायची, मोठ्या जॉबला एकदम जागा लागते म्हणून फ्रेमवर्क मिळतील तसे तुकडे धरून बसतं आणि ते कुणालाच कामाला येत नाहीत. गुगलनं २०१३ च्या ओमेगाच्या पेपरमध्ये सगळ्या शेड्युलरना एकच सामाईक चित्र दाखवून टक्कर झाली तर परत प्रयत्न करायचा असा मार्ग मांडला, विचार सुंदर आहे, पण आपण स्लर्म आणि पीबीएस आतून बदलणार नाही, तेव्हा ते आपल्या उपयोगाचं नाही.

पायलटचाच एक जवळचा भाऊ म्हणजे प्रोलॉगवाला बॅकफिल (प्रोलॉग म्हणजे जॉबच्या सुरुवातीला चालणारी स्क्रिप्ट). अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठानं बॉयलरग्रिड असाच चालवला, पीबीएसच्या नोडवर रिकाम्या वेळात कॉन्डॉर कायम चालू, पीबीएसचा जॉब आला की त्याच्या सुरुवातीची स्क्रिप्ट कॉन्डॉरला बाजूला करते, संपल्यावरची स्क्रिप्ट परत चालू करते. यात रांगेत पायलट लावावे लागत नाहीत आणि मोकळा मिनिट न् मिनिट वापरला जातो. पण स्लर्ममध्ये करताना दोन गोष्टी माहीत पाहिजेत. एक, प्रोलॉग डिफॉल्टनं नोड दिल्याबरोबर सगळ्या नोडवर चालत नाही, त्या नोडवर पहिली स्टेप सुरू होताना चालतं, त्यामुळं अलोकेशनलाच चालवायचा फ्लॅग लावावा लागतो. दोन, प्रोलॉग एररनं संपलं तर स्लर्म तो नोडच ड्रेन करतो आणि जॉब परत रांगेत टाकतो, म्हणजे कॉन्डॉर बंद व्हायला नाटकं करायला लागलं तर सकाळपर्यंत अर्धा क्लस्टर ड्रेन झालेला दिसेल. कॉन्डॉर डिफॉल्टनं जॉबला आवरायला १० मिनिटांपर्यंत वेळ देतो, प्रोलॉग तेवढं थांबू शकत नाही, तेव्हा तिथं लगेच बंद करणारा पर्याय वापरावा लागतो. मी सुरुवात पायलटनं करा म्हणतो ती यासाठीच, त्यात रूटच्या स्क्रिप्टला हात लागत नाही.

लॅबच्या पीसींबद्दल. कीबोर्ड-माउसला १५ मिनिटं हात लागला नाही आणि लोड कमी आहे तरच काम घ्यायचं, मूल येऊन बसलं की लगेच थांबायचं, हे कॉन्डॉरच्या पॉलिसीत लिहिता येतं आणि ते नीट लिहाच, नाहीतर प्रॅक्टिकलच्या वेळी पीसी जड झाला म्हणून लॅब असिस्टंट कॉन्डॉरच काढून टाकतील आणि त्यांची चूक नसेल. या पीसींना यूपीएस नसतो, वळवाच्या पावसात लाइट जाते-येते, म्हणून इथं तास-दीड तासाच्या आतलेच जॉब पाठवा. एनएफएस (नेटवर्कवरची सामाईक डिस्क) लावू नका, कॉन्डॉर स्वतः फाइली नेतो-आणतो तेवढं पुरे.

मालकाला नोड किती वेळात परत, हा प्रश्न शेवटी चेकपॉइंटवर, म्हणजे जॉबची मधली अवस्था वाचवून ठेवण्यावर, येऊन थांबतो. स्लर्म जॉब काढताना आधी टर्म सिग्नल देतो आणि डिफॉल्टनं ३० सेकंदांनी मारतो, पार्टिशनवर ग्रेस टाइम ठेवून तो वाढवता येतो. तेवढ्यात जॉबनं काय वाचवलं त्यावर सगळं. ओपनफोम ठराविक अंतरानं टाइम डिरेक्टरी लिहितं आणि शेवटच्या वेळेपासून पुढं सुरू करता येतं, फक्त स्क्रिप्टमध्ये तसं लिहिलेलं पाहिजे. क्वांटम एस्प्रेसोला कमाल सेकंद देऊन ठेवले की वेळ संपत आल्यावर ते स्वतः नीट थांबतं आणि रीस्टार्ट मोडमध्ये पुढं चालतं. ग्रोमॅक्स, लॅम्प्स या अणू-रेणूंच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरला स्वतःच्या रीस्टार्ट फाइली आहेत. ज्याला असं काही नाही त्याच्यासाठी बाहेरून चेकपॉइंट घेणारं डीएमटीसीपी आहे, पण तो शेवटचा उपाय समजा. तुमच्या कमिटीत नियम असा करा की सामाईक जागेवर यायचं असेल तर जॉब मधेच मारून परत सुरू करून दाखवायचा, मगच परवानगी.

आता सगळ्यात कंटाळवाणा पण सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग, ओळख आणि फाइली. तीन सिस्टिमवर युजर आयडी वेगवेगळे दिलेले असणार. इकडं १००५ म्हणजे एक मुलगी आणि तिकडं १००५ म्हणजे दुसराच मुलगा, दोघांनी सामाईक एनएफएस लावला की एकमेकांच्या फाइली उघडतात, कुणाला काही कळायच्या आत. नोड एकमेकांना द्यायचे असतील तर आधी फ्रीआयपीए किंवा एलडॅप (युजरची एकच मध्यवर्ती यादी ठेवणारी व्यवस्था) बसवून सगळीकडं एकच आयडी करा, यात शॉर्टकट नाही. मशीनची घड्याळं क्रोनीनं (वेळ जुळवणारा प्रोग्राम) एकत्र आणा, स्लर्मचं मंज (ओळख तपासणारी सेवा) ५ मिनिटांपेक्षा जुनं क्रेडेन्शियल नाकारतं, त्यामुळं एखाद्या नोडचं घड्याळ मागं पडलं की एरर भलताच दिसतो आणि माणूस फायरवॉल शोधत बसतो. दोन्ही क्लस्टरनी आत १९२.१६८.१ हाच नेटवर्क वापरलेला असेल तर एकाला बदलावं लागेल, ते आजच बघा.

होम डिरेक्टरी दोन इमारतींत पसरवू नका. एक गिगाबिटवरून १०० जीबी न्यायला लाइन पूर्ण मोकळी असली तरी १४-१५ मिनिटं लागतात आणि लाइन कधी पूर्ण मोकळी नसते. जॉबबरोबर लागतं तेवढंच न्यायचं, निकाल परत आणायचा. सॉफ्टवेअर ॲपटेनर कंटेनरमध्ये (लागणाऱ्या सगळ्या फाइलींसकट एका पॅकेटमध्ये) बांधा म्हणजे तिन्हीकडं तेच चालेल. एक खबरदारी, नवीन नोडवर एव्हीएक्स-५१२ (नव्या प्रोसेसरमधल्या खास सूचना) धरून कंपाइल केलेला प्रोग्राम फिजिक्सच्या जुन्या नोडवर इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून पडतो. कंपाइल करताना सगळ्यात जुना प्रोसेसर धरा किंवा दोन बिल्ड ठेवा आणि नोडची जात कॉन्डॉरच्या क्लासॲडमध्ये (मशीनच्या वर्णनात) लिहा, म्हणजे योग्य तोच नोड जुळेल.

लायसन्सचा विषय फाउंड्रीच्या कामामुळं तुमच्याकडं महत्त्वाचा आहे. चार सीटचं लायसन्स असेल आणि दोन शेड्युलरना प्रत्येकी चार दिसत असतील तर अर्धे जॉब सुरू होऊन लायसन्स नाही म्हणून मरतात. सरळ वाटून द्या, स्लर्मला तीन, पूलला एक. आणि ॲकॅडमिक लायसन्सवर कारखान्याचं पैसे घेतलेलं काम चालवू नका, नोड शेअर झाले की हा फरक नकळत पुसला जातो, म्हणून अशा जॉबसाठी अकाउंटच वेगळं ठेवा. ओपनफोमला हा त्रास नाही.

कॉम्प्युटरवाले आता जीपीयूसाठी कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी व्यवस्था, तीही एक शेड्युलरच) मागतील, मागू देत, पण ते ज्या नोडवर असेल त्यावर स्लर्मचा डेमन नको, नियम तोच. दोन्ही लागणारच असेल तर स्लर्मच कुबरनेटीसच्या आत चालवणारा स्लिंकी प्रकल्प स्लर्म बनवणाऱ्या शेडएमडीनं काढलाय, तो बघा.

हिशोब मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. स्लर्मचं फेअरशेअर (आधीच्या वापराप्रमाणे पाळी ठरवणं) स्लर्मपुरतं, पीबीएसचं पीबीएसपुरतं, पायलटच्या आत कुणी काय चालवलं ते फक्त कॉन्डॉरला माहीत. तिन्हीचे लॉग महिन्याला एका टेबलमध्ये आणा: कुणाच्या नोडवर कुणी किती कोर-तास वापरले. तो कागद दर महिन्याला तिन्ही एचओडींच्या टेबलावर गेला पाहिजे, कारण मी आमचे नोड दिले आणि मला काय मिळालं, हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. त्या अकाउंटिंग डेटाबेसची आणि सगळ्या कॉन्फिगची एक प्रत दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपण बघितलंय, शिरोलीजवळ हायवे बंद होता, अशा वेळी तळमजल्यावरच्या मशीनजवळ जाताही येत नाही.

क्रम विचाराल तर आधी वॉलटाइम सुधारा, मग युजर आयडी आणि घड्याळं, मग स्लर्मवर एकाच नोडचा पायलट फक्त रात्री, ओपनफोमच्या दोन-तीन मुलांसाठी. ते दोन आठवडे नीट चाललं की फिजिक्सच्या मॅडमना तो हिशोब दाखवा आणि पीबीएसवर पायलट लावायची परवानगी मागा, आधी मागू नका. तीन महिन्यांच्या जॉबची यादी काढलीत की त्यात मागितलेला वेळ, लागलेला वेळ, रांगेत थांबलेला वेळ आणि कोर एवढे चार कॉलम ठेवून इथंच टाका, युजरची नावं काढून. त्यावरून एका वेळी किती पायलट सोडायचे आणि किती तासांचे, ते मी तुम्हाला काढून देतो.